भागाबाईची गाणी, दौलतबुवाचं नाव

भोकरदनच्या बसस्टँडसमोर भागाबाईचा फलक लागला होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून कापून काढलेला तिचा चेहरा आणि खाली मजकूर: ‘मायाळू, प्रेमळ, शांत स्वभावाच्या, सद्‌गुरू दौलतबुवांच्या ज्येष्ठ शिष्या. शोकाकुल: समस्त आराधी मेळा, पिंपळगाव रेणुकाई.’

एका दमात चार थापा. भागाबाई मायाळू नव्हती. प्रेमळ तर अजिबात नव्हती. शांत ती झोपेतसुद्धा नसायची, असं तिचा सख्खा भाचा सांगतो. चौथी थाप सांगायला जरा वेळ लागेल, म्हणून बसून लिहिते आहे. पाच-सहा वर्षं मी पत्रकं लिहिण्यात घालवली. कमी जागेत जास्त शिव्या बसवायची सवय आहे. इथे हात आखडता घेते, कारण त्यातल्या काही माझ्याच वाट्याच्या आहेत.

उंच, वाळलेली, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. तोंडात कायम मिसरी. कुणाला काही लागेलसं बोलायचं असलं की ती आधी बोटाने गालातली मिसरी सारून घ्यायची. समोरच्याला तेवढाच सावध व्हायला वेळ. गावातले एक गुरुजी निवृत्त झाल्यावर कवी झाले होते. त्यांनी रेणुकामातेवर केलेलं गाणं भागाबाईच्या ओट्यावर बसून डोळे मिटून म्हटलं. हिने पूर्ण ऐकून घेतलं, बोट गालात घातलं आणि विचारलं, “गुरुजी, किती वर्सं शिकवलं?”

“तीस.”

“मंग लेकरं वाचले कसे?”

मेळ्यात नवीन आलेली एक पोरगी सूर लागेना म्हणून रडायला लागली, तर तिला म्हणाली, “रडू नको गं. रडती बी बेसूरच.” ती पोरगी परत आली नाही. भागाबाईला त्याचं काही वाटल्याचंही कधी दिसलं नाही.

ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. गाणी तिथेच व्हायची. दोन्ही हात बोंडांवर, ओठ हलताहेत, कपाशीच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत एक कडवं. शेजारच्या ओळीतल्या बायांना माहीत होतं, ओठ हलताना हिच्याशी बोलायचं नाही. एकीने एकदा पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो त्या बाईच्याच अंगावर रिकामा झाला. पलीकडच्या बांधाला पोचली की भागाबाई ते कडवं तीनदा मोठ्याने म्हणायची. तीनदा म्हणून ध्यानात राहिलं तर गाणं, नाहीतर गेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. “जे मलाच याद ऱ्हात न्हाई, ते देवीनं कामून ध्यानात ठेवावं?”

माझी तिची गाठ तिच्या भाच्यामुळे पडली. संतोष. भोकरदनला बसस्टँडसमोर त्याचं मोबाईलचं टपरीवजा दुकान होतं. लोकांच्या मोबाईलमध्ये नुकती मेमरी कार्डं आली होती आणि संतोष ती गाण्यांनी भरून द्यायचा. सिनेमाची, लग्नाची, देवीची. आम्ही जालन्याचे तीन-चार विद्यार्थी तेव्हा भलत्याच तावात होतो. इंटरनेटवर सगळं मोकळं झालं पाहिजे, पुस्तकं, गाणी, माहिती. कॉपीराइटचा कायदा म्हणजे श्रीमंतांनी सार्वजनिक विहिरीला लावलेलं कुलूप, वगैरे. हे सगळं मी एका पत्रकात लिहिलं होतं. मथळा होता: ‘गाणं कुणाच्या बापाचं नाही!’ संतोष ती पत्रकं काउंटरवर ठेवायचा. त्यानेच मला पिंपळगावला आत्याकडे नेलं.

“वाचून दाखीव,” भागाबाई म्हणाली. मी सभेत वाचावं तसं वाचलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर बोट गालात गेलं.

“बराबर हाये. गाणं बापाचं नसतंय. आईचं असतंय. आईचं काय लिव्हलंय ह्याच्यात?”

काही लिहिलं नव्हतं.

“मंग अर्धाच कागद आणलास की गं, कागदवाली.”

त्या दिवसापासून मी कागदवाली. माझं खरं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. बहुतेक तिला ते माहीतही नव्हतं.

आता दौलतबुवा. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्याचे हे प्रमुख. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या आसपास गेले. भागाबाईला नवऱ्याने टाकलं तेव्हा ती विशीत होती. टाकलेल्या बाईला मेळ्यात उभं करायला कुणी तयार नव्हतं. बुवांनी तिच्या गळ्यात देवीची कवड्यांची माळ घातली आणि झील धरायला, म्हणजे मागच्या बायांत उभं राहून ओळी झेलायला, जागा दिली. आराध्यांत रिवाज असा, की ज्याने माळ घातली त्याचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात यायचं. रचणाऱ्याने स्वतःचं घालायचं नाही. भागाबाईने चाळीसेक गाणी रचली. एकूण एक गाण्याच्या शेवटी ‘दौलत म्हणे’.

बुवांना स्वतःला एक ओळ जुळत नव्हती. भागाबाई सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन नवं गाणं देऊन यायची, गवळण दूध घालते तसं, आणि संध्याकाळी बुवा मेळ्याला सांगायचे, “आज आई माझ्या तोंडून बोलली.” त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची. एका जागराला तिने पुढे उभं राहून एक गाणं म्हणू द्या असं विचारलं. बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, “टाकलेलं भांडं देव्हाऱ्यात ठेवत न्हाईत, भागे.”

पुढच्या आठवड्यात तिने बुवांना एक नवं गाणं दिलं. त्याचं तिसरं कडवं असं रचलं होतं की चार ओळींत श्वास घ्यायला कुठे जागाच नाही. बुवांना दमा होता. मंदिरासमोर, सगळ्या गावादेखत, तिसऱ्या कडव्यात त्यांचा चेहरा जांभळा पडला, ठसका लागला, संबळवाला वाजवतच राहिला आणि लोकांना वाटलं अंगात आलं. बाया पाया पडायला धावल्या. भागाबाई मागे झील धरून उभी होती. हे सांगताना ती जेवढी हसली, तेवढी हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

कॅसेटचा जमाना आला तेव्हा मेळ्याची एक कॅसेट निघाली. भिंतींना गाद्या लावलेल्या कुठल्याशा खोलीत दिवसभर रेकॉर्डिंग झालं. कॅसेटच्या वेष्टनावर दौलतबुवांचा फोटो. त्यांच्या उजव्या बाजूला हिरव्या बांगड्या घातलेलं एक कोपर दिसतं. फोटो तिथे कापलाय. ते कोपर भागाबाईचं. ती कॅसेट घराघरात वाजली. त्यातलं एक गाणं तर भोकरदनपासून बदनापूरपर्यंत कुठल्याही नवरात्रात ऐकू यायचं:

*पायरी तुझी गं आई, टाच माझी फाटली*
*दगडाला तुझ्या माझी, रक्तओल भेटली*
*दौलत म्हणे माये, तू अर्ध्यात गाठली*

संतोषने त्या कॅसेटवरून गाणी कॉम्प्युटरवर घेतली. आवाज साफ केला. आणि त्या वेळी सगळेच दुकानदार करायचे तेच त्यानेही केलं: प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात घोषणा चिकटवली. “संतोष मोबाईल, भोकरदन, बसस्टँडसमोर!” दुसऱ्या दुकानदाराने आपला माल फुकट उचलू नये म्हणून. चोराने चोरीच्या मालावर आपला पत्ता घालावा, असं कुणी म्हणेल. पण संतोषच्या डोक्यात चोरीचा विचारच नव्हता. आत्याची गाणी, भाच्याचं दुकान.

ती गाणी इंटरनेटवर टाकली ती मी. जालन्यातल्या एका नेट कॅफेत बसून, एकेक चढायला तास तास लागत असताना, मोठं समाजकार्य केल्याच्या ऐटीत. गाण्यांच्या नावापुढे रचनाकाराची जागा होती. तिथे मी लिहिलं, ‘पारंपरिक’.

पुण्याला कामाला गेलेल्या गावच्या कुणीतरी ती ऐकली आणि भागाबाईला सांगितलं. पुढच्या भेटीत तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“नाव कुणाचं टाकलंस?”

“कुणाचंच नाही, आत्या. लोकगीत म्हणून टाकलंय. लोकांचं.”

“असं व्हय? लोकं आल्ते का माह्यासंग वेचायला?”

मी समजावायला गेले की गाणं जितकं पसरेल तितकं जगेल, मालकी ही कल्पनाच कशी… तिने हात वर केला. “लेकरू अन् गाणं परक्याच्या कडेवर दिलं ना, की हागल्यावरच परत येतंय. जा. नाव बदलून ये.”

“काय घालू? दौलतबुवांचं?”

तिचं बोट गालापर्यंत गेलं आणि तसंच खाली आलं. बुवांचं नाव गाण्यात घालणं वेगळं. कागदावर, जगासमोर, हे त्याने केलं असं लिहिणं वेगळं. आणि स्वतःचं नाव घाला म्हणायला तिची जीभ रेटेना. “इचार करून सांगते,” म्हणाली. विचार करायला वेळ मिळाला नाही.

जुन्या कॅसेटवाल्याचा सगळा माल एका मोठ्या कंपनीने विकत घेतला होता. कंपनीच्या माणसाने इंटरनेटवर गाणं लावलं आणि पहिलंच वाक्य ऐकलं: संतोष मोबाईल, भोकरदन, बसस्टँडसमोर. त्याला शोधायलाही लागलं नाही. तो पोलीस घेऊन सरळ दुकानात आला. कॉम्प्युटर उचलला, कार्डं उचलली, संतोषला ठाण्यात बसवलं.

मी पोचले तेव्हा भागाबाई ठाण्यासमोरच्या हॉटेलात बाकावर बसली होती. समोर कंपनीचा माणूस, तरुण, इस्त्रीचा शर्ट, अतिशय गोड बोलणारा. शेजारी दौलतबुवांचा मुलगा बाळूबुवा. मेळा आता तो चालवायचा. वडिलांच्या सगळ्या रचनांचे हक्क दिल्याचा कागद त्याने कंपनीला कधीच सही करून दिला होता. गुन्हा अजून नोंदवला नव्हता. तक्रार द्यायची की नाही हे कंपनीच्या माणसावर होतं, आणि त्याला घाई नव्हती.

“आजी, शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं आहे?”

“बुवाचं.”

“मग गाणं कुणाचं?”

“माहं.”

“मग तुमचं नाव का नाही?”

“ज्यानं माळ घातली त्याचं घेत्यात. सोताची आरती कुणी सोता ओवाळून घेतंय का? तुह्याकडं घेत असतील.”

“कागदावर कुठे आहे का, की ही तुमची आहेत?”

“मला लिव्हता येत असतं तर मीबी तुह्यासारखी कागदावरच चोरी केली असती.”

तो हसला. त्याला राग येत नव्हता, हे सगळ्यांत वाईट. भागाबाईने मग श्वासाच्या गाण्याची गोष्ट सांगितली. तिसरं कडवं तिथेच, चहाच्या टेबलावर, म्हणून दाखवलं, एका दमात. “बुवाला दमा व्हता. दमेकरी माणूस सोताच्या गळ्याला सोता फास लावीन का? इचार ह्याला.”

बाळूबुवा बशीतल्या चहाकडे पाहत होता.

“बाळ्या, तू पाळण्यात व्हतास. टाचंचं गाणं तुह्या मायच्या ओसरीवर पयल्यांदा म्हणलं मी. सांग ह्याला.”

“पाळण्यातलं माझ्या काय ध्यानात असणार, मावशी?”

“टाच फाटायचं दुखणं बाईमाणसाचं असतंय रे. तुहा बाप चपलीबिगर आंगणात बी उतरला न्हाई कधी.”

“आजी, बाईच्या तोंडून तर पुरुषांनी किती लिहिलंय,” कंपनीचा माणूस म्हणाला. “आणि एक सांगू? आधीच्या कंपनीने ही कॅसेट काढली नसती तर तुमचं गाणं पिंपळगावची वेस ओलांडून गेलं नसतं. या ताई ते फुकट वाटतात. आम्ही निदान ज्याचं नाव गाण्यात आहे, त्याचं नाव छापतो. यांनी तर कुणाचंच छापलं नाही.”

मी मांडीवरच्या पत्रकांचा मथळा तळहाताने झाकला.

मग त्याने पिशवीतून कागद काढला. संतोषने लेखी माफी द्यायची. आणि मेळ्यातली सर्वांत जुनी बाई म्हणून भागाबाईने अंगठा द्यायचा, की ही सर्व गाणी दौलतबुवांनीच रचलेली आहेत, मी समक्ष ऐकली आहेत. तेवढं झालं की तक्रार नाही, संतोष संध्याकाळी घरी.

“आत्या, देऊ नका,” मी म्हणाले. “कोर्टात जाऊ. जालन्यात वकील बघू. बातमी करू, निदर्शनं करू.”

“निदर्शनं म्हंजे?”

“लोक जमवून घोषणा द्यायच्या.”

“अन् संत्या?”

“त्याला जामीन मिळेल.”

“कवा?”

मी ठाण्याच्या दाराकडे पाहिलं.

“तुहा भाऊ आत असता ना, तर आत्तापस्तोर माहा अंगठा धरून तूच लावला असता.”

ती कंपनीच्या माणसाकडे वळली. “वाच.” त्याने वाचलं. “पुन्हा.” त्याने पुन्हा वाचलं. “आजून एक बार.” तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तो कागद तिला पाठ झाला होता. मग तिने अंगठा पुढे केला. शाई लागली, कागद झाला, बाळूबुवा “आई उदे” म्हणाला आणि भागाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्याच्या घशातच राहिलं. अंगठा पुसायला तिने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. वरच्या पानावर, मथळ्यावरच, तिने अंगठा नीट दोनदा घासून पुसला.

संतोष संध्याकाळी सुटला. आता तो कव्हरं आणि चार्जर विकतो. दुकानात गाणं लावत नाही, रेडिओसुद्धा नाही.

मी इंटरनेटवरची गाणी काढली आणि रचनाकाराच्या जागी भागाबाईचं नाव घालून पुन्हा टाकली. आठवड्यात कंपनीने ती काढायला लावली. ‘पारंपरिक’वाल्या प्रती मात्र तोवर दहा ठिकाणी गेल्या होत्या, त्या आजही आहेत. आणि कंपनीची प्रत आहे, तिच्यावर दौलतबुवांचं नाव आहे. मोकळं करणाऱ्यांनी नाव पुसलं, कायदा सांभाळणाऱ्यांनी दुसऱ्याचं लिहिलं. एवढं वाक्य एखाद्या पत्रकात घालावं असं पुष्कळदा वाटलं. घातलं नाही, कारण पहिला अर्धा भाग माझा आहे.

त्या नवरात्रात बाळूबुवाने मंदिरासमोर माईकवरून सांगितलं, “आता वडिलांची रचना. खुद्द भागामावशीनं अंगठा देऊन लिहून दिलंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागाबाई तिच्या जागी, झीलवाल्या बायांत उभी होती. ‘पायरी तुझी गं आई’ सुरू झालं. झील धरायची वेळ आली आणि तिने तोंड उघडलं नाही. बाकीच्या बाया चाळीस वर्षं तिच्या आवाजावर आवाज ठेवत आलेल्या. त्यांना सूरच सापडेना. दोघींनी प्रयत्न केला, एकीला हसू फुटलं, आणि बाळूबुवाला स्वतःची झील स्वतःच धरावी लागली. गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मिटल्या तोंडाने. नंतर मेळ्यात गेली नाही. गळ्यातली माळ मात्र ठेवली. “माळ आईची हाये,” म्हणाली. “बुवा नुस्ता हमाल.”

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या बसमध्ये. खिडकीशी बसलेली, मांडीवर बोचकं, बोचक्यावर बोटं पडत होती, ठेक्यात. ओठ हलत होते. मी शेजारी बसले आणि ओठ मिटले.

“नवीन आहे?” मी विचारलं.

“अकरा झाले.”

“अकरा? त्या दिवसानंतर?” मला खरंच आनंद झाला. “आत्या, एक म्हणा ना. नुसतं ऐकते.”

“खिशात काय हाये तुह्या?”

मी मोबाईल काढून बंद केला, तिच्या हातात दिला.

“अन् डोक्यात?”

मी हसले.

“ते बी बंद कर, मंग म्हणते.”

राजूरच्या अलीकडे मी न राहवून विचारलं, “शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं घालताय?”

तिने बोट गालात घातलं. मिसरी सारली. मी सावध झाले. पण ती फक्त म्हणाली, “माहं.” आणि बोचकं उचलून, मोबाईल माझ्या मांडीवर टाकून उठली.

एका फाट्यावर उतरली. तिथून कुणाच्यातरी रानात वेचायला जायचं असेल. बाजूला कपाशी पांढरी झालेली होती. मी खिडकीतून पाहिलं. चार पावलं गेली आणि ओठ पुन्हा हलायला लागले. मी काच सरकवली. तेवढ्या आवाजाने ती थांबली, वळली आणि बांधावर तशीच उभी राहिली, तोंड मिटून, बस सुटायची वाट बघत.